रेडिओचा माथा

सत्तारभाईंचा रेडिओ बोलत नव्हता, तरी त्याच्या माथ्यावर काही ठेवायची कोणाची हिंमत नव्हती. नागभीडात ज्यांच्याकडे मोठा रेडिओ होता, त्यांनी त्यावर क्रोशाचा रुमाल घातलेला असे, रुमालावर प्लास्टिकची फुलं आणि फुलांशेजारी लग्नातला फोटो. सत्तारभाईंच्या मुक्या रेडिओचा माथा मात्र रिकामा आणि आरशासारखा लख्ख. एकदा मी त्यावर माझं अर्थशास्त्राचं पुस्तक ठेवलं. ते ओरडले नाहीत. मेलेला उंदीर उचलावा तसं त्यांनी ते दोन बोटांनी उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"बाबू, हा टेबल नाई."

बी.ए.ला असताना मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुठं किती बोलावं हे मला कळत नसे. सत्तारभाईंकडे ती अडचण नव्हती. बोलायचं काम तेच करत.

समोर त्यांचं बांगड्यांचं दुकान. लाखेच्या बांगड्या ते स्वतः करत. दुकानामागच्या बैठकीत हा रेडिओ. सागवानी पेटीचा, वॉल्व्हचा. म्हणजे बटण फिरवलं की आतल्या काचेच्या नळ्या आधी तापणार, लालसर होणार, मग कुठं आवाज येणार. भंगारातून तो आणला तेव्हा गावात केबल टीव्ही येऊन स्थिरावला होता. लोक विचारत, "काऊन भाई, दुनिया पुढं चालली, तुमी मागं कुठी चालले?"

सत्तारभाई म्हणत, "तापू दे, मंग बोलन."

हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर होतं. जावई रुसून बसला, गिऱ्हाईक भावावर अडलं, नळाला पाणी आलं नाही, तरी "तापू दे". वर्गात सरांनी विचारलं की माझी जीभ अडकते, हे मी त्यांना एकदा चाचरत सांगितलं. ते हसले. "तू वॉल्व्हवाला आहेस बाबू. बाकीचे पोट्टे ट्रान्झिस्टर. बटण दाबलं का सुरू. तुले टाइम लागते. बिघाड नाई तो." त्या दिवशी मला जेवण जास्त गेलं.

आतल्या वॉल्व्हना त्यांनी आपल्या मेहुण्यांची नावं दिली होती. जो नुसताच तापायचा आणि काम करायचा नाही, तो धाकटा मेहुणा हमीद. "हमीद आज बी कामावर नाई," ते दाराकडं तोंड करून म्हणत. लगेच स्वयंपाकघरातून जुबेदाचाचीचा आवाज येई, "मेरे भाई का नाम मत लो! कान गये हैं मेरे, आँखें नहीं गयीं!" चाची ओठ वाचत.

चाचीचं ऐकणं गेल्या काही वर्षांत गेलं होतं. पूर्वी त्या बैठकीत सगळ्यांबरोबर बसत, संध्याकाळी फर्माइशीची गाणी ऐकत, असं शेजारचे सांगत. मग बोलणं नीट कळेना, भलत्याच जागी हसू यायला लागलं, लोक एकमेकांकडं पाहायला लागले. चाची आत गेल्या त्या आतच राहिल्या. पण एक गोष्ट मला फार नवलाची वाटे. घर रुळापासून जवळ होतं. भाजी निवडताना चाची अचानक म्हणत, "गाडी आयी." आम्हाला काही ऐकू येत नसे. थोड्या वेळानं खरंच नॅरोगेजची छोटी गाडी शिट्टी देत यायची. जमिनीवर टेकवलेल्या तळव्यांना ती आधीच कळलेली असे.

नागपूरला असलेल्या त्यांच्या मुलानं आईसाठी रेडिओ-कॅसेटचा चकचकीत टू-इन-वन आणला होता. चाचींनी तो कानाशी धरला, मुलाचं मन राखायला मान डोलावली, आणि तो गेल्यावर म्हणाल्या, "मच्छर बोलता है इसमें." त्यानंतर काही दिवसांतच सत्तारभाई हा भंगारातला रेडिओ सायकलवर बांधून घेऊन आले आणि सांगून टाकलं, "ईदेच्या आधी बोलला पाह्यजेन. तिनं बाहेर येऊन बसलं पाह्यजेन."

खरं सांगायचं तर त्यांना त्यातलं फारसं कळत नव्हतं. पहिल्यांदा बटण फिरवलं तेव्हा धूर निघाला. दुसऱ्यांदा बेडकांसारखा आवाज आला. "पावसाळी स्टेशन लागलं," ते गंभीरपणे म्हणाले. त्यांना खात्रीनं येत होती ती एकच गोष्ट, लाख. जंगलातून लोक पळसाच्या, कुसुमाच्या झाडावरची लाख विकायला आणत. सत्तारभाई ती साफ करून स्पिरिटमध्ये विरघळवत आणि मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्यानं पेटीवर चढवत. पण फक्त माथ्यावर. समोरची बाजू, जी लोकांना दिसते, ती तशीच ओरखड्यांची. लाखेचा एक हात देऊन झाला की ते डोळे मिटत आणि माथ्यावरून तळवा फिरवत. कुठं खरखरीत लागलं की पुन्हा पहिल्यापासून.

"भाई, तोंड धुवायचं सोडून डोक्याले तेल लावून राह्यले तुमी," एसटीतले कंडक्टर बंडूभाऊ म्हणाले, आणि बोलता बोलता हातातला वाफाळता चहाचा कप त्यांनी त्या माथ्यावर ठेवला.

कप उचलला तेव्हा लाखेवर पांढरं वर्तुळ उमटलेलं होतं.

सत्तारभाईंनी वर्तुळावरून बोट फिरवलं आणि भर बाजाराच्या दिवशी दुकान बंद केलं. माथा पूर्ण खरवडला. बंडूभाऊ खालमानेनं गेले आणि बरेच दिवस फिरकलेच नाहीत.

ईद तोंडावर आली. माथा पुन्हा लख्ख झाला होता, पण हमीद काही कामावर येत नव्हता. तसा वॉल्व्ह चंद्रपुरात नव्हता, राजुऱ्यात नव्हता. सत्तारभाई प्रथमच "तापू दे" म्हणायचे बंद झाले. रोजा सोडल्यावर चाची आतच राहत आणि ते बैठकीत रेडिओकडं पाहत बसत.

अशाच एका संध्याकाळी बंडूभाऊ दारात आले. अंगावर ड्यूटीचा खाकी शर्ट, कडेवर लेकरू घ्यावं तसं टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. "नागपूरच्या भंगार बाजारात भेटला. गर्दीत फुटन म्हणून पूर्ण रस्ता मांडीवर आणला. लोकांनी तिकिटं माह्या जागेवर येऊन घेतले."

वॉल्व्ह बसला. बटण फिरलं. आम्ही तिघं पेटीवर वाकून उभे. नळ्या लाल झाल्या, खरखर झाली, आणि एक भारदस्त आवाज म्हशीच्या खुरांची काळजी कशी घ्यावी ते सांगू लागला.

"बोलला!" बंडूभाऊ ओरडले. सत्तारभाईंनी हातानं थांबा म्हटलं. ते गाण्यांची वाट पाहत होते.

गाणं लागलं तेव्हा ते आत गेले आणि चाचीला हाताला धरून घेऊन आले. चाची दारात अडखळल्या. माणसं होती ना. सत्तारभाईंनी त्यांचा तळवा घेतला आणि रेडिओच्या माथ्यावर ठेवला.

माथा आतून कोमट झालेला असणार. चाची नुसत्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं त्यांचं एक बोट त्या गुळगुळीत लाखेवर हलायला लागलं. तबल्याच्या ठेक्यावर. एकही ठेका चुकला नाही.

"गाना है," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बैठकीतच बसल्या. हात तिथंच होता.

सत्तारभाईंनी आमच्यासाठी चहा आणला. बंडूभाऊंनी कप ठेवायला इकडं तिकडं पाहिलं, मग रेडिओकडं पाहिलं, आणि गाणी संपेपर्यंत तो हातातच धरून ठेवला.