सावंतांचं सातवं बंदर

विठ्ठल सावंतांनी आपली कादंबरी कधी कागदावर लिहिलीच नाही. अंधेरीच्या बाजारामागे एका छोट्या छापखान्यात ते शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आमच्या शाळेचे पेपर. हातातलं काम संपलं की सावंत मान खाली घालून सरळ खिळ्यांतच गोष्ट रचायला बसत. खिळे उलटे, ओळी उलट्या, आणि गोष्ट तर जगाच्याच उलट.

गोष्ट होती सातव्या बंदराची. जी गलबतं कुठल्याच किनाऱ्याला लागत नाहीत, ती तिथे नांगर टाकतात. तिथले ढग दगडाचे, मासे झाडावर राहणारे आणि तिथे येऊन पोचलेला एक हरवलेला खलाशी. मी शाळामास्तर, शाळेच्या पेपरांची प्रुफं तपासायला जायचो, तेव्हा एकदा म्हणालो, "सावंत, ढग दगडाचा कसा असेल हो?"

"तुम्ही हात लावून बघितलात?"

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. छापखान्याच्या मालकालाही हेच.

त्या बंदराच्या राणीचं नाव पिंगळा. चौथ्या प्रकरणात अचानक ती 'पिंगा' झाली. मी चूक दाखवली तर सावंत वैतागले. "ळ संपले! सगळे ळ त्या काळे मंडळींच्या पत्रिकेत अडकलेत. सकाळी मंगळाष्टकं, दुपारी जेवणावळ. मी काय करू?" मग त्यांनी एक ओळ वाढवली : 'राणीने आपले एक अक्षर समुद्राला दान केले.' पत्रिका छापून झाली, ळ मोकळे झाले, पण सावंतांनी दान काही परत घेतलं नाही.

एकदा तर माझी नोकरी जायची वेळ आली. पाचवीच्या भूगोलाच्या पेपरात सावंतांची एक ओळ घुसली. 'कोणत्याही बंदरात न उतरलेली गलबते कुठे जातात?' गुण चार. हेडमास्तरांनी मला उभं-आडवं घेतलं. मी तणतणत छापखान्यात गेलो. सावंतांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती पोरांनी उत्तर लिहिलं?"

"नऊ."

"आणून द्या ना मास्तर. बघू या तरी."

एका मुलीचं उत्तर त्यांनी पुढच्या प्रकरणात जसंच्या तसं घातलं आणि खाली तिचं नावही छापलं.

सोळा सोळा पानांचे भाग निघत. मालक उरलेला कागद देई, त्यामुळे काही पानं पिवळी आणि सभेच्या पत्रकांतली उरलेली काही गुलाबी. सावंत स्वतःच शिवत आणि वाचनालयांच्या टेबलावर नेऊन ठेवत. एका ग्रंथपालाने ते उचलून बाहेर ठेवले. सावंतांनी परत आत ठेवले. असं आठ दिवस चाललं. शेवटी ग्रंथपालाने एक भाग उघडून वाचला आणि नवव्या दिवशी विचारलं, "पुढचा कधी?"

मला वाटलं, या माणसाचं नीट पुस्तक व्हायला हवं. गिरगावात माझ्या ओळखीचे एक प्रकाशक होते. मी सावंतांना घेऊन गेलो. इस्त्रीचा सदरा, नखांत मात्र शाई तशीच.

प्रकाशकांनी सगळे भाग वाचले होते. "झकास आहे," ते म्हणाले. "छापतो. फक्त शेवट करा. हरवलेला खलाशी त्या बंदरात आहे ना? त्याला घरी जाग येऊ द्या. सगळं स्वप्न होतं म्हणायचं. वाचकाला पटायला नको?"

"स्वप्न नाही ते."

"अहो, मग बुडाला म्हणा. काहीतरी एक करा!"

सावंत उठले. गुलाबी-पिवळे भाग त्यांनी एकेक करून उचलले. "तो बुडालेला नाही. आणि झोपलेला पण नाही. तुम्हाला नाही छापायचं, मी छापतो." आणि जिना उतरून गेलेसुद्धा. मी प्रकाशकांची माफी मागत तिथेच राहिलो.

सावंतांना चांगलं सुनवायचं ठरवून रविवारी दुपारी मी अंधेरीतल्याच आंबोलीला त्यांच्या खोलीवर गेलो. खोलीत ते आणि त्यांची वहिनी, दोघंच. सावंत नव्या भागाची पानं घेऊन बसले होते. वहिनींना वाचता येत नव्हतं. दर रविवारी ते वाचत आणि त्या तांदूळ निवडता निवडता ऐकत. मला बघून सावंत चहाला दूध आणायला खाली गेले.

मी वहिनींकडेच तक्रार केली. "एवढी संधी आली होती. एका खलाशापायी घालवली."

वहिनी सुपातले खडे वेचत राहिल्या. "तो खलाशी म्हंजे आमचे घरवाले, मास्तर. बोटीर गेले ते इलेच नाय. बारा वर्सां झाली."

कुंकू त्यांच्या कपाळावर होतं. मला वाटलं, या बाईची आशा टिकावी म्हणून सावंत शेवट करत नाहीत. मी चाचरत म्हणालो, "तुमच्यासाठीच लिहितात तर."

त्या पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या.

"माज्यासाठी? माका सगळा म्हायत आसा. ते काय येवचे नाय. मी रडान मोकळी झालंय कधीच. पण हो माजो दीर नाय रडलो. भावाक धक्क्यार पोचवूक होच गेल्लो, 'जा, हयला घर मी बघतंय' म्हणान. तेव्हापासून लिहिता." मग त्यांनी हळू आवाजात बजावलं, "माका म्हायत आसा ह्यां त्येका सांगू नकात हां. मी आयकणा सोडलंय तर तो कोणाक सांगतलो?"

जिन्यावर पावलं वाजली. वहिनींनी सूप बाजूला सारलं, पदर सारखा केला आणि दारात आलेल्या दिराला म्हणाल्या, "किती येळ रे! वाच बघू. त्या झाडावरच्या माशांका तुज्या भावान नावां दिलेली ना? ती सांग मास्तरांका."

सावंतांनी दुधाचं भांडं माझ्याच हातात दिलं आणि घाईघाईने पान उघडलं. चहा मीच ठेवला.