नायलॉनच्या पिशवीला पालिश

हिर्डोशीला जायचं तर पिशवी कोणती न्यायची, यावरून उत्रोलीच्या फुलाबाईचं आणि तिच्या नवऱ्याचं, चिमाजीचं, सकाळपासून वाजलं होतं. लेक गीता हिर्डोशीला दिलेली. पहिलटकरीण. तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं होतं आणि तिची सासू अक्काबाई काही पाठवायला तयार नव्हती. मागच्या खेपेला फुलाबाई खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी घेऊन गेली, तेव्हा अक्काबाईनं ती खालीवर न्याहाळली आणि आळीतल्या बायांच्या देखत विचारलं, "लेकीला काय पोत्यात घालून नेता, विहीणबाई?" बाया खदाखदा हसल्या. फुलाबाई चहासुद्धा न घेता माघारी आली.

ते हसणं तिला लागलं होतंच, पण त्याहून मोठं भय पोटात होतं. गीताच्या आधीचं तिचं पहिलं पोर सासरी झालं होतं. माहेरी कुणी पाठवलंच नव्हतं. ते पोर वाचलं नाही. त्याबद्दल फुलाबाई कधी अवाक्षर काढत नसे, पण लेकीला दिवस गेल्याचं कळल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. पोर आपल्या घरात, आपल्या नजरेसमोर बाळंत व्हावी, एवढंच तिनं मनात धरून ठेवलं होतं.

घरात दुसरी पिशवी होती ती मुंबईला गिरणीत असलेल्या दिरानं आणलेली. नायलॉनची. रंग पोपटी, त्यावर पांढरे पट्टे आणि वर धरायला दोन बंद. त्या दिवसांत नायलॉनचं गावात भारी कौतुक. भिजलं तरी झटकलं की कोरडं. पण या पिशवीच्या अंगात ताठपणा म्हणून नव्हता. रिकामी ठेवली की मटकन बसायची आणि भरली की पोट सुटायचं. अक्काबाईच्या ओसरीवर ही पिशवी नेऊन ठेवणं म्हणजे पुन्हा हसं करून घेणं.

"भोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईची बगितली न्हवं?" फुलाबाई म्हणाली. "काळी कुळकुळीत. ठिवली की उबीच्या उबी ऱ्हाती. ती पिशवी बगूनच मानसं वाट सोडत्यात."

"ती चामड्याची असती," चिमाजी म्हणाला.

"मंग हिला चामड्याची करा."

चिमाजी पलटणीतून पेन्शनीवर आलेला गडी. न होणारे हुकूम त्यानं आयुष्यभर ऐकले होते आणि त्यातले पुष्कळसे पाळलेही होते. त्यानं पिशवी मांडीवर घेतली, आत हात घालून पाहिलं, बाहेरून दाबून पाहिलं आणि आजारी माणसाची नाडी बघितल्यागत मान हलवली. दुपारपर्यंत पिशवीच्या तळाला आणि बाजूंना साबणाच्या खोक्याचे पुठ्ठे बसले. पिशवी आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिली. मग बंदांवर जुना कातडी पट्टा कापून शिवला आणि तोंडाशी पलटणीतलं पितळी बक्कल चिंचेनं घासून लावलं. राहिला रंग. पिशवी ताठ झाली तरी पोपटीच होती.

"पालिश," असं म्हणून चिमाजीनं ट्रंकेतून काळ्या बूट पालिशची डबी काढली. "ह्या हातानं कर्नलसायबाचं बूट केल्यात. सायेब बुटात बगून भांग पाडायचा."

"पर ह्ये नायलॉन हाय. धरंल का?"

"पालिशला काय कळतंय, खाली काय हाय त्ये?"

अख्खी डबी त्या पिशवीला लागली. चिमाजीनं लावलं, घासलं, थुंकी लावून पुन्हा घासलं आणि पिशवी वाळायला टांगली. दुसऱ्या दिवशी शेजारची बनाबाई विस्तव न्यायला आली ती दारातच थबकली आणि हळू आवाजात विचारू लागली, "कोन पावनं आलंय गं? डाक्टरीण हाय का?" फुलाबाईला अगदी भरून आलं. तिनं पिशवीत विहिणीसाठी लुगडं ठेवलं, गीतासाठी डिंकाचे लाडू ठेवले, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली, कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू लावलं आणि निघाली. घराच्या गारव्यात पालिश मुकाट बसलं होतं. बाहेर चैत्र होता.

भोरच्या स्टँडवर महाडकडे जाणारी गाडी लागली होती. फुलाबाई आत शिरली आणि पिशवीनं आपलं काम सुरू केलं. पांढऱ्याशुभ्र धोतर-सदऱ्यातले एक गृहस्थ आपण होऊन सरकले. "बसा बाई, बसा. शिक्षण खात्यात का?"

"न्हाई, हिर्डोशीला," फुलाबाई म्हणाली आणि पिशवी दोघांच्या मध्ये ठेवून बसली.

कंडक्टर आला. त्यानं अदबीनं पिशवी उचलून नीट सरकवली, तिकीट दिलं आणि मिशीवरून हात फिरवला. मिशी होती त्याहून बरीच मोठी झाली. एरवी पिशव्यांना लाथेनं बाजूला सारणारा माणूस हा! फुलाबाई धन्य झाली. गाडीचा पत्रा तापला, आतली माणसं घामानं निथळू लागली. वळण आलं की पिशवी एकदा गृहस्थांच्या अंगावर जायची, एकदा फुलाबाईच्या. फुलाबाई तिला दोन्ही हातांनी धरायची, सोडायची, तोंडावरचा घाम निपटायची आणि पुन्हा धरायची. समोरच्या बाकावरची माणसं तिच्याकडे बघायची, मग पिशवीकडे बघायची आणि मग एकदम खिडकीबाहेर बघायची. अशा मानाची तिला सवय नव्हती. ती आणखी ताठ बसली.

वाटेत एका गावाच्या फाट्यावर गृहस्थ उतरले. शाळेच्या नव्या खोल्यांचं उद्‌घाटन त्यांच्या हस्ते होतं आणि गावकरी हार घेऊन, हलगी घेऊन उभे होते. नमस्कार करत ते वळले, तेव्हा फुलाबाईला त्यांची डावी बाजू दिसली. काखेपासून गुडघ्यापर्यंत गृहस्थ काळे होते. हलगी वाजू लागली आणि गाडी सुटली.

फुलाबाईनं आपले तळवे उघडून पाहिले. तेही काळेच होते. उरलेली वाट तिनं पिशवी पायांत धरून, कुणाकडे न बघता काढली.

हिर्डोशीच्या फाट्यावर उतरल्याबरोबर ती ओढ्याकडे धावली. चैत्रातला ओढा, गोट्यांमधून बोटभर धार वाहत होती. तिनं वाळूनं घासघासून हात धुतले. लुगड्याचा काळा झालेला काठ आत खोचला. तोंडावरून पाणी फिरवावं असंही मनात आलं, पण घामानं आधीच सैल झालेलं कुंकू पुरतं धुऊन गेलं असतं. मोकळ्या कपाळानं विहिणीच्या दारात उभी कशी राहणार? तिनं तोंडाला पाणी लावलं नाही. पदराच्या शेवानं कुंकवाच्या भोवतालचा घाम तेवढा टिपला. मग पिशवी बक्कलाला धरून, दोन बोटांत, अंगापासून लांब झुलवत ती गावात शिरली.

अक्काबाई ओसरीवर डाळ पाखडत बसली होती. फुलाबाईला बघताच तिच्या हातातलं सूप थांबलं. तिनं काही बोलायला तोंड उघडलं. फुलाबाईनं मन घट्ट केलं. पण अक्काबाईनं तोंड मिटलं आणि ती नुसती बघतच राहिली. मग मुकाट्यानं उठली, पाट मांडला, तांब्या भरून आणला.

"बसा, विहीणबाई. लई दमलायसा," ती म्हणाली. आवाज इतका मऊ होता की, आपल्यामागून आणखी कुणी आलंय की काय, म्हणून फुलाबाईनं वळून पाहिलं.

हा सगळा पिशवीचा गुण, तिच्या मनात आलं. रंग जात असेल, पण रुबाब गेला नव्हता. तरी पिशवी भिंतीशी ठेवताना ती घाईनं म्हणाली, "तिला हात नगा लावू. आत नाजूक जिनसा हायती."

"आमाला काय करायचंय तुमच्या पिशवीचं?" अक्काबाई म्हणाली. "पर हितं कोंबड्या येत्यात. आत ठिवते." आणि फुलाबाई उठेपर्यंत तिनं पिशवी दोन्ही हातांनी उचलली, लेकरासारखी छातीशी धरली आणि माजघरात नेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही. पितळी बक्कल उघडल्याचा आवाज ओसरीपर्यंत आला. मग आत काही कुजबुज झाली.

अक्काबाई बाहेर आली तेव्हा तिचं नाक काळं होतं, एक गाल काळा होता आणि हनुवटीवर पाचही बोटं उमटलेली होती.

"विहीणबाई, तुमच्या..." फुलाबाई बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. सांगितलं तर काय होणार? बाई आरसा बघणार, पिशवी उघडल्याचं उघडं पडणार, संतापणार, आणि पोर जन्मात दारातून बाहेर पाठवायची नाही. फुलाबाईनं शब्द गिळला. "तुमच्या घरात बरं गार वाटतं," ती म्हणाली.

दोघी विहिणी समोरासमोर बसल्या. पीकपाण्याचं बोलणं झालं. एवढ्यात गीता चहा घेऊन आली. तिनं आईकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, कपबशा खाली ठेवल्या आणि पोट धरून बसली.

"काय गं, दुखतंय का?" दोघींनी एकदमच विचारलं.

"न्हाई," गीता म्हणाली. पदराचा बोळा तिच्या तोंडात होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग अक्काबाईचा नवरा, आनंदराव, शेतावरून आला. पायरीवर उभा राहून त्यानं एकीला पाहिलं, दुसरीला पाहिलं, रामराम घातला आणि बैल सुटलाय म्हणून गोठ्याकडे निघून गेला. बैल समोर अंगणात बांधलेला होता. गोठ्यातून मात्र बराच वेळ खोकल्याचा आवाज येत राहिला.

फुलाबाईचं लक्ष तिकडे नव्हतं. "विहीणबाई," ती म्हणाली, "पोरीला न्यायला आले. न्हाई म्हनू नगासा. माजं पयलं पोर सासरी झालं. सासू चांगली व्हती, सुईन व्हती, समदं व्हतं. पर म्या आईला हाका मारत व्हते आन आई न्हवती. पोर ऱ्हायलं न्हाई. ह्ये म्या आजवर कुनाला सांगितलं न्हाई." ती रडत नव्हती, पण डोळ्यांतून ओघळ आले आणि गालावरून खाली गेले.

अक्काबाईनं मान खाली घातली. "घिऊन जा," ती म्हणाली. "महिना झाल्याबिगर धाडू नगासा."

तिसऱ्या प्रहरी परतीच्या गाडीपर्यंत अक्काबाई स्वतः पोचवायला आली. गाडी थांबली, ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले. गीताला खिडकीशी बसवून फुलाबाई शेजारी टेकली आणि सुटकेचा श्वास टाकून म्हणाली, "बगितलंस? पिशवीनं काम केलं का न्हाई?"

"कुटली पिशवी?" गीता म्हणाली. "आये, तुजं तोंड बग." तिनं गाठोड्यातला टिकलीएवढा आरसा काढून आईच्या हातात दिला.

फुलाबाईनं आरशात पाहिलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंड काळं होतं, मधे कुंकवाची जागा तेवढी राखलेली आणि गालांवरून दोन पांढरे ओघळ.

"तू पानी पीत व्हतीस तवाच आत्याबाई आत येऊन मला म्हनल्या, लुगडी बांध," गीता सांगू लागली. "म्हनल्या, तुजी आई चुलीम्होरनं उटून तशीच धावत आलीया. तोंड धुयाचंबी भान न्हाई बाईला, एवढा जीव लागलाय तुज्यात. आता म्या न्हाई कसं म्हनू? आन खबरदार, हसलीस तर."

"मंग त्यांच्या तोंडाचं का न्हाई सांगितलंस?"

"सासू हाय माजी. म्या सांगू?"

फुलाबाईनं खिडकीतून पाहिलं. रस्त्याच्या कडेला अक्काबाई उभी होती, मान वर, पदर खांद्यावर नीट घेतलेला, काळ्या तोंडानं. गाडीतली झाडून सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. फुलाबाई उठली, माणसं ढकलत खाली उतरली आणि आपला पदर ओला करून विहिणीचं तोंड पुसू लागली. अक्काबाईनं पदरावर उतरलेला काळा रंग पाहिला, मग आपले हात पाहिले, आणि तिला सगळं कळलं.

"मला सांगितलं का न्हाई?" तिनं दबल्या आवाजात विचारलं.

"तुमी तरी मला कुटं सांगितलं?"

"तुमाला सांगितलं असतं, तर तुमी लाजून तशाच माघारी गेला असता. पोर हितंच ऱ्हायली असती."

आपण का गप्प बसलो होतो, ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिची मान आपोआप खाली गेली. अक्काबाईनं तिची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि आपल्या पदरानं ते पुसायला घेतलं. घंटी वाजेपर्यंत दोघी भर रस्त्यात एकमेकींची तोंडं पुसत होत्या. कंडक्टरनंही घाई केली नाही.

गाडी सुटली. अक्काबाई वळणाआड जाईपर्यंत फुलाबाई मागं बघत राहिली. लग्न झाल्यापासून गीता अशा एकांताची वाट बघत होती. सासूनं कधी काय म्हटलं, कुणासमोर म्हटलं, कसल्या आवाजात म्हटलं, सगळं तिनं आईसाठी जपून ठेवलं होतं. तिनं मांडी नीट घातली आणि सुरुवात केली, "आये, तुला सांगते, आमच्या आत्याबाई म्हंजी..."

"गप," फुलाबाई म्हणाली. "त्या बाईला नाव ठिवायचं न्हाई. देवमानूस हाय."

गीतानं आ वासून आईकडे पाहिलं आणि मग, दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे, पिशवीतला लाडू खायला घेतला.