त्र्यंबकनानांचा अमेरिकी भावफलक

आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली एक काळा फळा आहे. पाणी कधी येणार, मीटिंग कधी, कोणी गेलं तर किती वाजता निघायचं, एवढंच त्यावर लिहायचं अशी पद्धत. दोन हजार सातच्या दिवाळीनंतर एका सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरले, तर फळ्यावर लिहिलेलं:

"आयोवा. बाई – आवक भरपूर, भाव नरम. तरणा – उठाव चांगला. तिसरा – माल पडून."

मी चौथी पास आहे. वाचता सगळं येतं. वाचून कळलं मात्र काही नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईने तर मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "आक्का, कोणाकडे आली हो बाई?" मी म्हटलं, "कोणाकडे का येईना, तुझ्याकडे नाही ना आली? मग झालं."

अक्षर मात्र मी ओळखलं. पंचवीस वर्षं तेच अक्षर मार्केट यार्डातल्या भावफलकावर वाचलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचे त्र्यंबकनाना.

नाना बाजार समितीत लिलावाचे कारकून होते. मी मखमलाबादहून मेथी-कोथिंबीर घेऊन यायची. एकदा भर लिलावात त्यांनी माझ्या कोथिंबिरीला "पिवळी आहे" म्हटलं. होती पिवळी. पण असं चारचौघांत म्हणायचं असतं का? मी तिथेच त्यांना चार शब्द ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि फळ्यावर माझ्या मालापुढे लिहिलं, "पिवळी." तिथून आमची ओळख. पुढे शेतात रस्ता आला, मी मुलाकडे पंचवटीत राहायला आले, तर वरच्या मजल्यावर हाच माणूस. नशीब म्हणायचं, दुसरं काय.

तर ही बाई अमेरिकेतली होती, आणि तो तरणा, तो तिसरा, तेही तिथलेच उमेदवार. तिथे अध्यक्षाची निवडणूक होणार होती आणि त्याआधी एकाच पक्षातली माणसं आपापसात लढत होती, कोणी उभं राहायचं ते ठरवायला. राज्याराज्यांत वेगवेगळ्या दिवशी मतं. हे मला नानांनी जिन्यात उभं करून सांगितलं, हातात दुधाची पिशवी असताना.

"आपल्याकडे तिकीट वरून येतं, आक्का. तिथे तिकिटाचा लिलाव खाली होतो. उघड्यावर."

"मग होऊ द्या. फळा कशाला खराब करता?"

"लोकांना भाव कळायला नको?"

भाव ते काढायचे ब्लॉगवरून. त्यांच्या मुलाने घेऊन दिलेला कॉम्प्युटर होता, त्यावर सकाळी सहापासून बसायचे. शेजारी डिक्शनरी आणि एक लांब वही. ब्लॉग म्हणजे काय, हे मी त्यांना विचारलं.

"ज्याचं घरात कोणी ऐकत नाही, तो तिथे लिहितो."

"मग तुम्ही पण लिहा."

"नाही," नाना म्हणाले. "मी ऐकणाऱ्यांतला."

वहीत रकाने होते. कोणाबद्दल किती जणांनी लिहिलं ती आवक. किती जणांनी चांगलं लिहिलं तो उठाव. शिव्या दिल्या तर तेही उठावातच धरायचे. मी म्हटलं, "शिव्या कशा उठावात?" तर म्हणाले, "व्यापारी ज्या मालाला नावं ठेवतो, त्याच्याभोवतीच फिरतो. ज्याला कोणी शिवीसुद्धा देत नाही तो माल संपला." या हिशोबाने माझी कोथिंबीर त्या दिवशी फारच चांगली होती म्हणायची.

पण नाना हाडाचे मार्केटवाले. आवक वाढली की भाव पडतो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. त्यामुळे जिच्याबद्दल सगळे लिहीत होते त्या बाईला त्यांनी पहिल्याच राज्यात पाडलं. देवरे म्हणाले, "नाना, हा काय कांदा आहे का? जिच्याबद्दल सगळे बोलतात ती निवडून येणार." देवरे आमचे सेक्रेटरी, सटाण्याकडचे, शहाणा माणूस. निकाल लागला. बाई तिसरी आली.

मग लगेच सगळे ब्लॉगवाले त्या तरण्याच्या मागे लागले. नानांनी फळ्यावर लिहिलं, "तरणा – आवक फार. भाव पडणार." चारपाच दिवसांत दुसऱ्या राज्याचा निकाल आला, तरणा पडला, बाई वर.

झालं. लोक नानांना जिन्यात थांबवून मुलीचं स्थळ कसं वाटतं विचारायला लागले. द्वारका चौकात ज्याचं टायरचं दुकान आहे तो तळमजल्यावरचा माणूस शेअर घेऊ का म्हणून वर जाऊन आला. नाना त्याला म्हणाले, "आवक बघा." तो काय समजला देव जाणे, पण पाया पडून गेला. तिसऱ्या वेळी नानांचा अंदाज सपशेल आपटला आणि चौथ्या वेळीही, तेव्हा लोकांनी मुलींची स्थळं आपली आपण बघितली.

फळ्याचं भांडणही झालं. देवऱ्यांनी लिहिलं होतं, "उद्या पाणी येणार नाही." नानांना जागा कमी पडली म्हणून त्यांनी ते पुसून तिथे नेवाडा नावाचं राज्य बसवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या अंगाला साबण आणि नळाला फुर्रर्र. देवरे चिडले की गावाकडची भाषा तोंडात येते. खालून ओरडले, "नाना, पानी कोठे शे?" नाना वरून म्हणाले, "नेवाड्यात. वाळवंट आहे, तिथेही नाही." मी साबण पुसून बाहेर आले आणि दोघांनाही काय बोलायचं ते बोलले. ते इथे लिहीत नाही.

आता लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला वेड लागलं. मला माहीत होतं, वेडबिड काही नाही. मी दर रविवारी संध्याकाळी त्यांना भाजी-भाकरी घेऊन जायची. त्यांची बायको कुसुम जाताना मला म्हणाली होती, "आक्का, रविवारी तेवढं यांच्याकडे बघा. मंदारचा फोन झाला की हे जेवायचं विसरतात." मंदार त्यांचा एकुलता एक मुलगा. अमेरिकेत. रविवारी आपल्याकडे संध्याकाळचे सहा, त्याच्याकडे सकाळ, तेव्हा त्याचा फोन यायचा.

कुसुम होती तोवर तीच बोलायची, तासभर. नाना शेवटी फोन घेऊन "हं, बरं आहे, ठेव" म्हणायचे. ती गेल्यावर उरलं नुसतं "हं, बरं आहे, ठेव." कानाने कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. ऐकायला होतं काय? जेवलात का? जेवलो. औषध? घेतलं. मग गप्प. दोघंही गप्प बसले की नाना घाबरायचे आणि "ठेव" म्हणायचे. दोन मिनिटं. आणि मग पुढच्या रविवारपर्यंत या घरात कुकरच्या शिट्टीखेरीज आवाज नाही.

एकदा त्या गप्प बसण्यात मंदार म्हणाला, "इथे निवडणुकीची फार धामधूम आहे बाबा." नानांनी विचारलं, "कोण कोण आहे?" त्या दिवशी फोन पंधरा मिनिटं चालला. मी भाकरी घेऊन उभी. फोन ठेवल्यावर नानांचा चेहरा मी पाहिला. दुसऱ्या दिवशी डिक्शनरी निघाली.

म्हणून त्यांचा पक्ष रोज बदलायचा. तरणा पुढे गेला की हे बाईचे. बाई सावरली की हे तरण्याचे. देवरे चिडवायचे, "नाना, तुम्ही आमच्या आमदारालाही मागे टाकलंत. नक्की कोणाचे तुम्ही?"

"जो मागे पडला त्याचा."

"का पण?"

"लिलाव लवकर सुटू नये."

देवऱ्यांना यात काहीतरी मोठं तत्त्व दिसलं. तत्त्व कसलं? एक जिंकला की निवड संपली, निवड संपली की रविवार परत दोन मिनिटांचा. सगळ्या जगात हा एकच माणूस असेल ज्याला कोणीच जिंकायला नको होतं.

आणि देवाने ऐकलंही. मार्च गेला, एप्रिल गेला, दोघं काही मिटवेनात. ब्लॉगवाले कंटाळले. नाना खुशीत. अर्धा अर्धा तास फोन चालायचा. "मंदार, त्या बाईच्या बाजूचा तो लिहिणारा आठवड्यात तीनदा फिरला, वाचलंस?" "हो बाबा, वाचलं." मंदारही पटापट उत्तरं द्यायचा.

एप्रिलातल्या एका रविवारी नाना वही आणायला आत गेले. चष्मा सापडेना म्हणून वेळ लागला. फोनमधून मंदार हळूच म्हणाला, "आक्का, आहात का? एक विचारू? बाबांना हे खरंच इतकं आवडतं का हो?"

"का रे?"

"मला तर इथे मतदानसुद्धा नाही. मला त्यातलं काही कळत नाही. बाबा विचारतात म्हणून मी शनिवारी बसून सगळं वाचून काढतो. ही म्हणते, शाळेत असतानासुद्धा एवढा अभ्यास केला नसेल."

तेवढ्यात नाना आले आणि तो लगेच म्हणाला, "हां बाबा, तर तो तरणा..."

मी गप्प बसले. गप्प बसायची मला सवय नाही, पण चाललंय ते बरं चाललंय, आपण कशाला बोट घाला. दोघं शहाणे पुरुष, परीक्षेला बसल्यासारखे एकमेकांसाठी अभ्यास करतात. करू देत.

जूनमध्ये बाईने हार मानली. रविवारी सकाळी फळा कोरा होता. संध्याकाळी मी वर गेले. फोन आला. नाना म्हणाले, "काय रे, संपलं शेवटी."

आणि मंदार म्हणाला, "हो ना बाबा. सुटलो एकदाचे!"

अगदी मनापासून म्हणाला. नानांनी वही मिटली. मग म्हणाले, "जेवलास का?" तो म्हणाला, "इथे सकाळ आहे बाबा." "हो, हो. बरं आहे. ठेव."

ताट समोर ठेवलं तरी हात लावला नाही. म्हणाले, "आक्का, पोरगा कंटाळला होता. सहा महिने मी त्याला पिडलं आणि त्याने तोंडातून एक शब्द काढला नाही."

"बिल्डिंगला पिडलंत, त्याचं काही नाही?"

हसले नाहीत. म्हणाले, "खरी निवडणूक अजून नोव्हेंबरात आहे. पण आता त्याच्यापुढे नाव काढायचं नाही."

तेव्हा मी सांगून टाकलं. म्हटलं, "नाना, तुम्ही पंचवीस वर्षं लोकांचा माल पारखलात आणि घरचा कळला नाही. त्याला त्या निवडणुकीचं काडीचं पडलेलं नव्हतं. शनिवारी बसून वाचायचा, कारण तुम्ही रविवारी विचारायचात. तो तुम्हाला कंटाळला नव्हता. त्या बाईला आणि त्या तरण्याला कंटाळला होता. मीपण कंटाळले होते."

"त्याने सांगितलं?"

"त्याने."

"कधी?"

"एप्रिलात."

"आणि तुम्ही आत्ता सांगताय?"

"भाकरी गार होते," मी म्हटलं.

जेवले. चटणीसुद्धा मागून घेतली.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा फोन चालूच होता. टेबलावर वही नव्हती, डिक्शनरी नव्हती. नाना नुसते फोनसमोर बसलेले, दाखवायला आणलेल्या मुलीसारखे गुडघ्यांवर हात ठेवून.

"मंदार," ते म्हणाले, "मला त्या निवडणुकीतलं फारसं कळत नव्हतं रे. मी आपला आवक मोजत होतो."

मग मंदार म्हणाला, "मला पण नाही कळायचं, बाबा."

दोघंही हसले. जरा जास्तच हसले. मग हसणं संपलं आणि ते जुनं गप्प बसणं आलं. मी मनात म्हटलं, झालं, आता म्हणतील "ठेव." नानांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटलं.

मंदार म्हणाला, "बाबा, मी चहा टाकतो. फोन इथे ओट्यावर ठेवतो, चालेल?"

"चालेल. माझी काही घाई नाही."

मग फोनमधून पाणी सोडल्याचा आवाज आला. डबा उघडल्याचा. चमचा कुठेतरी पडला. मी दारात उभी, पाय दुखायला लागले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कोणी एक शब्द बोलेना. शेवटी मीच विचारलं, "नाना, लाइन कट झाली का बघा तरी."

नाना फोनकडे कान लावून वाकले होते. त्यांनी हात वर करून मला गप्प बसवलं.

"श्श, आक्का. आलं ठेचतोय तो."