मंदाताईंचे साहेब

मंदाताई शेजवळ पहिल्यांदा आमच्या घरी चहाला आल्या आणि दहा मिनिटं टेबलाखाली जाऊन बसल्या.

मी दोन कप घेऊन बाहेर आले तर खुर्ची रिकामी. तेवढ्यात खालून आवाज आला, "सिस्टर, तुमच्या टेबलाखाली वाघ आहे." मी छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. तापात बडबडणारी माणसं ढिगानं पाहिलीत, त्यामुळं घाबरले नाही. कप ठेवले, पदर खोचला आणि वाकून बघितलं. टेबलाच्या फळीला खालच्या अंगानं खरंच वाघाचं स्टिकर होतं आणि शेजारी पेन्सिलनं काढलेली मोटारगाडी. आमचा प्रशांत लहानपणी तिथं लपायचा. आता तो बंगळुरूला असतो, स्वतः लेकरांचा बाप झालाय. ते टेबल मी रोज पुसते, पण वरून. खाली इतकी वर्षं वाघ बसलाय हे मला माहीतच नव्हतं.

चहा त्यांनी खालीच घेतला.

उस्मानपुऱ्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या वरच्या मजल्यावर त्या राहतात. एकट्या. लग्न केलं नाही, का केलं नाही ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. काम म्हणजे लहान लेकरांच्या पुस्तकांतली चित्रं काढायची. एका पानावर एक ओळ गोष्ट आणि बाकी सगळं चित्र, अशी ती पुस्तकं. "एवढी शिकलेली बाई आणि ससे रंगवत बसते," असं बिल्डिंगमधल्या बाया म्हणायच्या. त्यात मीपण होते, खोटं कशाला बोलू. मग एकदा त्यांच्या घरी गेले. हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली आणि तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी बारा चित्रं वाळत घातलेली. एका चित्रासाठी आठ-आठ दिवस. शेळीचा एक कान जमला नाही म्हणून सगळी शेळी पहिल्यापासून. मी ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन लोकांचे हात जवळून पाहिलेत, आणि सांगते, असा हात मी दोघा-तिघांचाच पाहिला. त्या दिवसापासून ससे रंगवते म्हणणारीची मी बोलती बंद करते.

त्यांची एक रीत आहे. चार वर्षांच्या लेकराचे डोळे जमिनीपासून तीन फुटांवर असतात. तिथून जे दिसत नाही ते मंदाताई काढत नाहीत. संपला विषय. त्यांच्याकडं बांबूची एक काठी आहे, तीन फुटांवर लाल रंगाचा पट्टा मारलेली. ती घेऊन बाहेर पडायचं, जागा बघून काठी उभी करायची आणि पट्ट्याशी डोळे येतील असं उकिडवं बसायचं. कोपऱ्यावरच्या आंब्याच्या गाड्यापाशी अशा बसल्या होत्या. चित्रात काय आलं? गाड्याचं चाक, खाली लोंबणाऱ्या पिशव्या आणि गाडेवाल्याचे धुळीचे पाय. गाडेवाल्याला पुस्तक दाखवलं तर तो बिचारा पानं उलटीपालटी करून बघत राहिला. "मॅडम, सब है, आम किधर है?"

माझ्या भाचीच्या लग्नात तर कहर झाला. मी कौतुकानं यांना घेऊन गेले, तर या जेवणाच्या रांगेत मध्येच खाली बसल्या. कानातलं पडलं असेल असं वाटून नवरीची मावशी खाली बसली, मग तिची जाऊ, मग आणखी सात-आठ जणी. सगळ्या हातानं सतरंजी चाचपडायला लागल्या. आणि गंमत बघा, कानातलं सापडलं. ते कोणाचं यावरून दोन घरांत अबोला झाला. मंदाताईंना त्यातलं काही कळलं नाही. त्या उठून मला म्हणाल्या, "सिस्टर, लग्नात लेकरांना फक्त जरीचे काठ दिसतात हो."

बोलताना सारखं त्यांचं चाललेलं असतं, हे साहेबांना चालणार नाही, साहेब इथं कंटाळतील. लई दिवस मला वाटायचं साहेब म्हणजे पुण्याचे प्रकाशक. मग एक दिवस म्हणाल्या, "प्रेसवाल्यांना कोपरे गोल करायला सांगितलेत, साहेब कोपरा तोंडात घालतात." तेव्हा मी हातातलं काम ठेवलं आणि विचारलं, कोण हो हे साहेब? साहेब म्हणजे पुस्तक बघणारं लेकरू. "पैसे दुसऱ्याचे असतात, पण हुकूम त्यांचाच," असं त्यांचं म्हणणं. आपण एखाद्या चित्राला छान म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "तुम्हाला काय दिसतं ते राहू द्या. साहेबांना काय दिसतं?"

मोठ्या माणसांची तोंडं त्या काढतच नाहीत. बाप म्हणजे पँट आणि चपला, आई म्हणजे निऱ्या आणि पिशवी. यावरून संपादकबाईंचे फोन येतात. मंदाताई शांतपणे सांगतात की, लेकरानं मान वर करून किती वेळ बघायचं, मान दुखते.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पुस्तकावर गोष्ट लिहिणाऱ्याचं नाव ठळक, आणि चित्रं काढणारीचं मागच्या बाजूला, किमतीच्या वर, मुंगीएवढं. मी काळा मार्कर घेतला आणि माझ्याकडच्या सगळ्या पुस्तकांवर पुढून मोठ्ठं लिहिलं, चित्रं: मंदाकिनी शेजवळ. मग गावातल्या एका दुकानात मांडलेल्या पुस्तकांवर लिहायला लागले. दुकानदार धावत आला. मी त्याला सांगितलं, भाऊ, या शहरातल्या निम्म्या लोकांना मी सुया टोचल्यात, तुमचा चेहरापण ओळखीचा वाटतोय. तो दंड चोळत मागं सरला. दोन पुस्तकं मात्र मला विकत घ्यावी लागली.

तर अशा बाईचे गुडघे गेले.

त्यांनी लपवलं होतं. पण जिना आडवं होऊन उतरणारं माणूस नर्सला वेगळं सांगावं लागत नाही. धरून नेलं, एक्स-रे काढला, दोन्ही गुडघे घासून संपलेले. चाळीस वर्षं उकिडवं बसून दुसरं काय होणार? ऑपरेशन झालं, छान झालं. डॉक्टरांनी बजावलं, मांडी बंद, उकिडवं बसणं बंद, जमिनीवर बसणं तर नावच काढायचं नाही. मंदाताईंनी एकच विचारलं, वाकून किती फुटांपर्यंत येता येईल? डॉक्टर हसले. त्यांना वाटलं बाई विनोदी आहे.

घरी आणल्यावर मी त्यांच्याकडचे पाट, चटया, सतरंज्या सगळं उचलून माझ्या घरी नेलं. तरी एकदा पकडलंच. पलंगाची कड धरून हळूहळू खाली चालल्या होत्या. मी अशी ओरडले की खालचा वॉचमन वर आला.

त्यांचीपण अडचण खरी होती. पुस्तक हातात होतं. गोष्ट एवढीशीच. एक मुलगी आजीचं बोट धरून आठवडी बाजाराला जाते, गर्दीत बोट सुटतं, आणि शेवटच्या चित्रात तिला आजी सापडते. अकरा चित्रं ऑपरेशनच्या आधी झालेली. बारावं राहिलं होतं, सापडण्याचं. आजीचं तोंड तर खालून दिसणार नाही, मग एवढ्या पायांच्या गर्दीत लेकरू तिला ओळखतं कशावरून? मंदाताईंनी जोडवी काढून बघितली. फाडलं. लुगड्याचा काठ काढला. फाडलं. बाजारात तसले काठ पन्नास असतात म्हणे.

मग पुण्याहून फोन आला. महिनाअखेरपर्यंत चित्र आलं नाही तर ते शेवटचं एक तिकडच्या दुसऱ्या चित्रकाराकडून करून घेतील, काळजी करू नका, पद्धत मिळतीजुळती ठेवू. मंदाताईंनी फोन ठेवला आणि स्वच्छ असलेले ब्रश पुन्हा धुवायला घेतले. बराच वेळ धुतले. मग म्हणाल्या, "सिस्टर, तो आजीला तोंड काढेल."

मी म्हटलं, मोबाईल बांधू त्या काठीला, खालून फोटो काढू. तर म्हणाल्या, "मोबाईलला भीती वाटत नाही." मग एखाद्या लेकराला विचारू. तेही नाही. लेकरू आपल्या तोंडाकडं बघून आपल्याला पाहिजे ते सांगतं.

"मला वाटते भीती," मी म्हटलं. "मी बसते."

त्यांनी माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं. वय चौसष्ट, वजन ऐंशीच्या घरात. पण गुडघे माझे आहेत बरं का अजून, सरकारी नोकरीत कमावलेले.

ओळखीची रिक्षा करून आम्ही करमाडच्या आठवडी बाजाराला गेलो. एका ताडपत्रीच्या सावलीला मी मंदाताईंना काठी देऊन उभं केलं, जागेवरून हलायचं नाही अशी ताकीद दिली, आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणं गर्दीत घुसून, दोनदा गोल फिरून, खाली बसले.

पहिल्या मिनिटात चार जण गोळा झाले. आजीला चक्कर आली म्हणून एकानं माझ्या नाकाला कांदा लावला. छत्तीस वर्षांची नोकरी आणि माझ्याच नाकाला कांदा! मी त्यांना हाकललं, तशी गर्दी पुन्हा मिटली.

आणि मग नुसते पाय. धोतरं, जीन्सच्या पँटी, चिखलाच्या चपला. कोणाच्या तरी पिशवीतली मेथी माझ्या तोंडावरून गेली. एक गुडघा खांद्याला लागला, मी फिरले, आणि मला कळेना की मी आले कुठल्या बाजूनं. पर्समध्ये मोबाईल होता, रिक्षा रस्त्यावर उभी होती, मी उठून उभी राहिले असते तर सगळं दिसलं असतं. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी भीती वाटलीच. मी मंदाताईंना हाक मारली, पण तिथून मारलेली हाक कोणाला ऐकू जात नाही, माणसं वर बोलत असतात. साडीवरून शोधावं म्हटलं, तर त्यांनी कुठली साडी नेसली होती तेच आठवेना. रोज दोन तास जिच्या समोर बसते तिची साडी.

आणि मला एक हात दिसला.

बाजारात सगळ्यांचे हात भरलेले असतात. पिशवी, पैसे, फोन, काही ना काही. हा एकच रिकामा होता. खाली सोडलेला, तळवा मागं वळवलेला, बोटं थोडी उघडी. लेकरू मागून येत असलं की बाई जसा न बघता हात मागं धरते, तसा. बोटं मिटत होती, पुन्हा उघडत होती. करंगळीला निळा रंग लागलेला होता.

मी उठले नाही. तशीच उकिडवी, सरकत सरकत गेले आणि ते बोट धरलं. त्या दचकल्या नाहीत. आधी हात मिटला, मग त्यांनी खाली बघितलं.

"काय दिसलं?"

"हात. सगळ्यांचे भरलेले होते, तुमचाच तेवढा रिकामा. मागं धरलेला."

"मी धरला होता?"

"व्हय. आणि उघडमीट चालली होती."

त्यांनी आपल्या हाताकडं बघितलं. त्यांच्या घरात कधी लेकरू वाढलं नाही, त्या हाताला कोणी कधी लोंबकळलं नाही. मग एवढंच म्हणाल्या, "कधीपासून धरतेय, कोण जाणे."

मी दवाखान्यात भलेभले प्रसंग पाहिले, वॉर्डात कधी रडले नाही. तिथं मात्र मला रडू आलं, मेथीच्या जुड्यांमध्ये बसून. मला वर करायला शेवटी दोन भाजीवाले लागले.

चित्र रिक्षातच निघालं. पानाच्या वरच्या कडेकडून खाली आलेला एक हात, बस. तोंड नाही, पदर नाही. ते जसंच्या तसं छापलं, पुण्याहून एकसुद्धा बदल आला नाही. त्या दिवशी रिक्षावाला सारखा आरशातून मागं बघत होता. मी त्याला सांगितलं, या लेकरांची पुस्तकं काढतात, आपल्या इथल्या आहेत, काम चालू आहे, खड्डे चुकवत चला. तो खरंच हळू चालवायला लागला. तरी मांडीवरची वही सरकत होती, म्हणून मी ती एका हातानं दाबून धरली. माझ्या दुसऱ्या हातात त्यांचा डावा हात होता. उस्मानपुरा येईपर्यंत त्यांनी तो परत मागितला नाही.