मामांची कोरी बाटली

कुरुळीच्या आमच्या चाळीत वसंतमामांच्या दारावरून बिननावाची वस्तू घेऊन कुणाला सहीसलामत जाता येत नाही. मामा मूळचे परभणीकडचे. चाकणच्या एका कंपनीत लोखंडी साच्यांवर नंबर कोरण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर साचे सुटले, पण कोरणं काही सुटलं नाही. भांड्यांवर नाव घालायचं छोटं मशीन घेऊन ते दारात बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातातला डबा नाहीतर कुलूप काढून घेतात. बिननावाची वस्तू बेवारस असती, हे त्यांचं पालुपद.

मी सोलापूरहून इथे नोकरीला आले, तेव्हा शिफ्टला जाताना रोज पाण्याची प्लास्टिकची बाटली विकत घ्यायचे आणि येताना फेकून द्यायचे. मामांना ते बघवेना. पर्यावरण वगैरे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांचं दुखणं एवढंच, की असल्या बाटलीवर नाव घालता येत नाही. तरी एकदा हट्टाने मशीन चालवलंच. बाटलीला भोक पडलं, माझा युनिफॉर्म भिजला आणि मी त्यांना नाही नाही ते बोलले.

दुसऱ्या दिवशी मामा स्टीलची बाटली घेऊन दारात उभे. त्यावर कोरलेलं, 'चि. मनीषास, वसंतमामांकडून सप्रेम भेट.' तोवर या गावात मला कुणी नावाने हाक मारली नव्हती. खोटं कशाला सांगू, बाटली घेऊन मी आत गेले आणि पोटभर रडले. प्लास्टिकची बाटली त्यानंतर मी घेतली नाही.

हळूहळू सगळ्या चाळीनेच स्टीलच्या बाटल्या घेतल्या. एका कोकणातल्या मुलाचं नाव, गाव, पोस्ट कोरता कोरता बाटली संपली, तालुका राहूनच गेला. तो पाणी पीत असला की कंपनीतले लोक त्याच्याभोवती फिरून वाचतात.

मामांची स्वतःची बाटली मात्र कोरी. एकदा मी विचारलंच. मामा उगीच मशीनची वायर गुंडाळत राहिले.

"आपलं नाव आपणच कसं घालावं, माय? ते देणाऱ्यानं घालायचं असतंय. तुझी मामी गेल्यापासून मला कुणी काही दिलंच न्हाई."

ते ऐकून मला राहवेना. रविवारी काहीतरी थाप मारून मी मशीन मागून आणलं. नवी बाटली आणली आणि चाळीतल्या प्रत्येकाने आळीपाळीने हात चालवला. ओळ निम्म्यातून वर चढली, एक अक्षर तर पार आडवं झालं. पण वाचता येत होतं, 'वसंतमामांस, सगळ्या चाळीकडून सप्रेम भेट.'

मामांनी चष्मा लावून बाटली बराच वेळ फिरवून बघितली.

"अक्षर लई खराब हाय," ते म्हणाले.

मी ओशाळून हात पुढे केला. म्हटलं, द्या मामा, घासून पुन्हा नीट घालून आणते.

मामांनी बाटली छातीशी धरली.

"राहू दे. हात लावू नको."