शेवट कापू नये

‘एवढी चटणी आवडते, तर घरात सांगा की करायला.’

हे वाक्य मी रेडिओवर बोललो. माईक चालू असताना, पूर्ण शुद्धीत. वर स्वतःच हसलो.

नव्वदच्या दशकात कोल्हापुरातल्या एका लहानशा रेडिओ केंद्रावर मी श्रोत्यांची पत्रं वाचायचो. माझा आवाज भारदस्त आहे असं केंद्रात एकाच माणसाचं मत होतं, आणि तो माणूस मी होतो. टोमणा होता मल्लाप्पाण्णाला. काही वर्षांपूर्वी गडहिंग्लजहून येऊन त्यानं राजारामपुरीत आमच्या मागच्या गल्लीत किराणा दुकान टाकलं होतं.

त्याची खोड अशी. दर महिन्याला केंद्रावर चार-पाच पोस्टकार्डं यायची. गडहिंग्लजच्या शारदाबाई, वारणानगरचे कारखाना कामगार जयसिंग, एक नवविवाहिता, एक आजारी प्राध्यापक. मागणी एकच: महिलांच्या कार्यक्रमातली जुनी ‘कारळ्याची चटणी’ पुन्हा ऐकवावी. खाली सगळ्यांची एकच ओळ: ‘शेवट कापू नये.’ सगळी कार्डं जांभळ्या शाईत, एकाच तिरप्या अक्षरात, राजारामपुरीच्या शिक्क्याची आणि हिंगाच्या वासाची. नवविवाहितेच्या कार्डावर तर एकदा गुळाचा अंगठा उमटला होता. फसवायचं तर नीट फसवावं, एवढीही अक्कल त्या माणसाला नव्हती.

शेवटाचं वेड त्याला दुकानातही होतं. अर्धा किलो साखर मागितली की तो यंदाच्या उसापासून सुरुवात करी. ‘अण्णा, उशीर होतोय,’ म्हटलं की, ‘शेवट कापायचा न्हाय पावणं,’ म्हणून पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाईक गेलं तर गेलं. त्याला हसताना गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. रेडिओवर चटणी लागली की तराजू हातात धरून तसाच उभा राही, आणि संपली की तोंड कडू करून रेडिओ बंद करी. एवढी मागून घेतलेली चटणी ऐकून माणूस रागावतो कशाला, हे कोडं मला कधी सुटलं नाही. सोडवायचा प्रयत्नही मी केला नाही.

केंद्रावर टेपांचा कायम तुटवडा. तीन महिन्यांत ज्या ध्वनिमुद्रणाला एकही पत्र येणार नाही, ते पुसायचं आणि त्यावर नवं भरायचं, असा आमचा नियम. हा नियम अण्णाला मीच दुकानात उभा राहून ऐटीत सांगितला होता. परिणाम असा, की एका चांगल्या भजनी मंडळाची टेप पुसली गेली आणि चटणी फळीवर ठाण मांडून बसली. टेपच्या खोक्यावर लिहिलं होतं: ‘सौ. गंगव्वा, गडहिंग्लज. शेवटी गडबड आहे, कापून लावणे.’ मी आज्ञाधारक माणूस. कापून लावायचो. गडबड काय आहे, हे ऐकायची तसदी घेतली नाही.

माझ्या त्या विनोदानंतर कार्डं बंद झाली. एक महिना, दोन महिने, तीन. मी जिंकलो. टेप पुसायला माझ्याच टेबलावर आली. पुसण्याआधी ती अखेरपर्यंत ऐकायची, असाही एक नियम होता. तो मी जांभया देत पाळला.

कारळं मंद आचेवर भाजून झालं, लसूण पडला, तिखट पडलं, कुटून झालं. बाई थांबल्या. इथंच आम्ही कापत असू. मग खुर्ची सरकली, दार उघडल्याचा आवाज आला.

‘अगं बाई, मिठाचं ऱ्हायलंच की वो. काचेतनं खुणावत हुतासा ते हेच व्हय? मला वाटलं, पदर नीट घे म्हणतासा.’

‘असू दे गं गंगू. मीठ काय सांगाया लागतंय व्हय कुणाला.’

आणि तो माणूस हसायला लागला. पोट धरून, दम लागेपर्यंत. मग बाईही. आवाज अण्णाचा होता. हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

संध्याकाळी दुकानात गेलो. विचारलं, ‘अण्णा, कार्डं का बंद केलीत?’

काट्यावरची नजर न काढता तो म्हणाला, ‘तुमीच म्हणालासा की, घरात सांगा करायला. गेलतो सांगायला. कोण हाय घरात? चार वर्सं झाली तिला जाऊन. रेडिओवर तेवढी...’

आणि थांबला. ‘ऱ्हाऊ दे. साखर किती देऊ?’

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं स्वतःचं बोलणं मध्येच कापलं.

पुढच्या महिला कार्यक्रमात, एकही पत्र नसताना, मी ती टेप लावली. मीठ, पदर, हसणं, सगळं. साहेबांनी बोलावून विचारलं, हे प्रसारण आहे की नवरा-बायकोची कुजबुज? मी मान खाली घालून उभा राहिलो. त्या कामात मी वाकबगार आहे.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. शाबासकीची थोडी आशा होती. तिनं स्वयंपाकघरातल्या रेडिओवर सगळं ऐकलेलं होतं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, ‘उद्या पोस्टातनं डझनभर कार्डं आणा. आता दर महिन्याला मी लिहिणार. गडहिंग्लजच्या बाईचं कार्ड गडहिंग्लजच्या पेटीत पडलं पाहिजे, वारणानगरचं वारणानगरच्या. तुम्ही स्वतः जायचं, यष्टीनं.’