जपून ठेवा

आपल्याकडे नेमकं किती सामान आहे हे माणसाला दोनच प्रसंगी कळतं. एक, घराला आग लागल्यावर, आणि दोन, घर बदलताना. यांपैकी आगीत सामान कुठे गेलं हे तरी नक्की समजतं.

आमच्या घराला आग लागली नाही. आम्ही दुसऱ्या शहरात राहायला गेलो आणि सामान पोचवायचं काम एका पार्सल कंपनीकडे सोपवलं. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, कारण तिला प्रसिद्धीची हाव नाही. (फोनसुद्धा उचलत नाही, इतकी ती प्रसिद्धीपासून लांब राहते.) तिच्या गाड्यांवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘तुमचं सामान ते आमचंच सामान!’ आपलं धोरण इतक्या प्रांजळपणे गाडीवर रंगवून घेणारी संस्था आजकाल शोधून सापडायची नाही.

बांधाबांध माझ्या बायकोने केली. ती अत्यंत शिस्तीची बाई आहे. प्रत्येक खोक्यावर तिने जाड पेनाने सूचना लिहिली. कपड्यांवर ‘कपडे’, भांड्यांवर ‘भांडी’, फुटण्यासारख्या वस्तूंवर ‘जपून ठेवा’, आणि एका खोक्यावर ‘टाकून द्या’. या शेवटच्या खोक्यात कडी तुटलेली बादली, उघडली की मिटत नाही अशी छत्री, जोडीदार हरवलेले मोजे आणि मला मिळालेली सगळी प्रशस्तिपत्रकं होती. (ही वर्गवारी करताना माझं मत घेतलं गेलं नव्हतं.) ते खोकं भंगारवाल्यासाठी होतं. पण कंपनीचे हमाल सर्व खोक्यांना समान लेखतात, त्यामुळे तेही गाडीत चढलं.

त्याच गडबडीत बाबांनी आपली कवळी काढून धुतली आणि सुनेच्या हातात देत म्हणाले, “जपून ठेव गं.” सासऱ्यांचा शब्द माझी बायको कधी खाली पडू देत नाही. तिने कवळी स्टीलच्या तांब्यात ठेवली, तांब्या बाबांच्याच स्वेटरमध्ये गुंडाळला, तो काचसामानाच्या खोक्यात खोचला आणि वर चिकटपट्टी मारून ‘जपून ठेवा’वाला ढीग पूर्ण केला. जेवायच्या वेळी बाबांनी हात पुढे केला, तेव्हा त्यांचे दात त्यांच्या आधी निघालेले होते.

नव्या घरी पहिलं कोणतं खोकं पोचलं असेल, तर ‘टाकून द्या’. काय तो वेग! गाडीवाला खाली उतरलाही नाही. त्याने खिडकीतून ते फाटकावरून आत टाकलं आणि भुर्रकन निघून गेला. ते थेट दारात येऊन पडलं, ते तसंच तिथे राहिलं. मागोमाग कपडे आले, भांडी आली. ‘जपून ठेवा’पैकी मात्र एकही खोकं आलं नाही.

इथे परिस्थितीचं गांभीर्य सांगणं आवश्यक आहे. आमच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. बाबांनी खुणांनीच जाहीर केलं, की दात नाहीत तर मी लग्नाला येणार नाही. मुलगी त्यांची लाडकी नात. ती म्हणाली, “आजोबा समोर नसतील तर मी लग्नाच्या नोंदणीवर सही करणार नाही.” जावईबापू हे ऐकून खुर्चीत बसले ते उठेनात. नव्या कवळीसाठी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो, तर ते म्हणाले की लग्न होऊन जाऊ दे, मग निवांत माप घेऊ. थोडक्यात, दोन घराण्यांचं भवितव्य एका तांब्यात अडकलं होतं.

बाबा दुधात बुडवलेल्या पावावर दिवस काढू लागले आणि दिवसभर काहीतरी सांगू लागले. पण व्यंजनं कवळीबरोबर गेली होती, नुसते स्वर घरी उरले होते. दाराकडे बोट दाखवून ते पुन्हापुन्हा म्हणायचे, “आऊ या! आऊ या!” आम्ही आपले “हो हो, बाबा” म्हणायचो. एकदा त्यांनी कागदावर काहीतरी लिहून सुनेला दिलं. तिने ते वाचलं आणि आज्ञेप्रमाणे कागद कचऱ्याच्या डब्यात टाकला. बाबांनी कपाळावर हात मारला. आम्ही म्हटलं, उपाशीपोटी डोकं दुखत असेल.

शेवटी अर्थ लागला तो मला. बाबा म्हणत होते, “काकू, या!” माझे डोळेच भरून आले. काकू म्हणजे बाबांची भावजय. जमिनीच्या बांधावरून की कशावरून, दोघांमधून विस्तव जात नव्हता, आणि आज हा म्हातारा दाराकडे बघत तिला हाका मारत होता. मी ताबडतोब फोन केला. काकू मोठी बॅग घेऊन आल्या, दारातल्या खोक्याला अडखळल्या आणि रडतच बाबांसमोर उभ्या राहिल्या. बाबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. आम्ही फोटो काढला.

काकू रमल्या. दात काही आले नाहीत. तेव्हा मी स्वतः कंपनीच्या गोदामात गेलो.

गोदामप्रमुखांनी मला जपणूक विभाग दाखवला. अहाहा! फरशी लखलखीत, हवा थंडगार, माणसं चवड्यांवर चालतात. खोकी फडताळांत ओळीने ठेवलेली, रोज फडक्याने पुसतात. एका खोक्यात पाळणा आहे. तो ज्याच्यासाठी होता त्याला आता मिशा फुटल्या आहेत. जपून ठेवलेल्या सामानात फुटतुटीचं प्रमाण शून्य टक्के आहे. (पोचण्याचं प्रमाणही तेवढंच आहे, पण कंपनी त्याचा डांगोरा पिटत नाही.)

मी विचारलं, आमची खोकी का आली नाहीत?

“साहेब, जपून ठेवा असं तुम्हीच लिहिलंय ना?” ते दुखावल्या आवाजात म्हणाले. “मग ठेवलीत की जपून.”

मी म्हटलं, ठेवा म्हणजे उतरवताना अलगद ठेवा. ते म्हणाले, तसं लिहायला हवं होतं. मी म्हटलं, मग माझ्या हातात द्या. ते म्हणाले, आमची सेवा घरपोच आहे, हातात देणं नियमात बसत नाही. सूचना मात्र पाठवणाऱ्याला कधीही बदलता येते. (ही सोय कोणी विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत.)

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी पेन मागितलं, काचसामानाच्या खोक्यावरच्या ‘जपून ठेवा’वर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘टाकून द्या’. एका कर्मचाऱ्याने डोळे टिपले.

लग्नाच्या सकाळी खोकं फाटकावरून आत आलं. काचसामानाचा असा भुगा झाला, की रांगोळीला चालला असता. पण स्वेटर शाबूत, तांब्या पोचलेला आणि आत कवळी ठणठणीत! घरात नुसता जल्लोष. बाबांनी कवळी धुतली, बसवली, दोनदा चावून पाहिली. नात पाया पडली. सगळे श्वास रोखून आशीर्वादाची वाट पाहू लागले. बाबा स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले,

“टाकून द्या!”

कोणाला काही कळेना.

“अरे गाढवांनो, पहिल्या दिवसापासून सांगतोय. ते खोकं कसं आलं बघा, सगळ्यांवर तेच लिहून घ्या. कागदावर लिहून दिलं, तर हिने कागद टाकला. आणि काकूंना कोणी बोलावलं?”

लग्न छान झालं. काकू अजून आहेत.

आता तुम्ही आम्हाला हसत असाल. खुशाल हसा. फक्त हे वाचताना मघाशी आतल्या खोलीतून कोणीतरी तुम्हाला काहीतरी सांगितलं, आणि तुम्ही मान वर न करता “हो हो” म्हणालात. ते काय होतं, हे एकदा जाऊन विचारा. त्यांचे तर दातही जागेवर आहेत.